बाळंतपणानंतर गाडी कधी चालवायची? 'सहा आठवडे' हा आकडा आला कुठून?

बाळ दीड महिन्याचं झालं की लसींचा पहिला मोठा हप्ता येतो. पेंटाव्हॅलंट, पोलिओ, रोटा, न्यूमोकोकल, सगळं एकाच दिवशी. तोवर घरात असलेली बाळंतीण बऱ्याचदा त्याच दिवशी पहिल्यांदा धड बाहेर पडते. आणि माहीममध्ये घर असेल तर आदल्या रात्री एक प्रश्न हमखास निघतो: जायचं कसं?

रिक्षा मिळणार नाही, कारण उपनगरातल्या रिक्षा वांद्र्यालाच थांबतात. कॉजवे ओलांडून अलीकडे आलं की फक्त टॅक्सी. टॅक्सीवाला जवळचं भाडं नाकारणार. नवऱ्याची सुट्टी केव्हाच संपलेली. खाली सोसायटीत गाडी उभी आहे, नाहीतर स्कूटी. लायसन्स आहे, दहा वर्षांचा सराव आहे. मग "मीच चालवत गेले तर?"

इथून पुढे प्रत्येकाकडे वेगळं उत्तर असतं. आई म्हणते, सव्वा महिना झाल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. मैत्रीण म्हणते, मी तर पंधराव्या दिवशी चालवली, काही झालं नाही. रील्समधल्या ताई सांगतात सहा आठवडे. ग्रुपवर कुणीतरी ठोकून देतं की सहा आठवड्यांच्या आत गाडी चालवली तर इन्शुरन्स मिळत नाही.

यातलं खरं काय? थोडक्यात सांगायचं तर भारतात याबद्दल कुठलाही नियम नाही, आणि 'सहा आठवडे' हा आकडा गाडी चालवण्यासाठी कुणी ठरवलेलाच नाही. तो दुसरीकडून आलाय. गाडीसाठी विचारायचे प्रश्न वेगळेच आहेत आणि त्यांची उत्तरं काहींना दहाव्या दिवशी 'हो' अशी मिळतील, तर काहींना तिसऱ्या महिन्यातही 'नाही' अशी.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात बाळंतपण हा शब्द गाडी चालवण्याच्या संदर्भात कुठेच येत नाही. लायसन्स काढताना आपण जो 'फॉर्म १' भरतो, म्हणजे तब्येत ठीक असल्याचं स्वतःच दिलेलं लेखी, त्यात फिट येतात का, अचानक शुद्ध हरपते का, चक्कर येते का असा प्रश्न असतो. एकदा 'नाही' लिहिलं की विषय संपला. पुढे बाळंतपण झालं, मोठं ऑपरेशन झालं, तरी पुन्हा कुणी विचारत नाही.

पण एक कलम आहे जे फारसं कुणाला माहीत नसतं. कलम १८६. आपल्याला असा आजार किंवा अशी शारीरिक अडचण आहे की ज्यामुळे आपलं गाडी चालवणं लोकांना धोक्याचं ठरेल, हे ठाऊक असूनही जो गाडी चालवतो त्याला दंड. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी एक हजार रुपये, पुढच्या वेळी दोन हजार. बाळंतपण हा आजार नाही, त्यामुळे हे कलम दाखवून कुणी बाळंतिणीची पावती फाडेल असं अजिबात नाही. तरी त्यातला 'ठाऊक असूनही' हा भाग लक्षात ठेवण्यासारखा आहे. मी गाडी चालवण्याच्या अवस्थेत आहे की नाही, हे ठरवण्याची जबाबदारी कायद्याने चालवणाऱ्यावरच टाकली आहे.

विमान चालवणाऱ्या बाईसाठी मात्र असं नाही. आंतरराष्ट्रीय नागरी उड्डयन संघटनेच्या नियमांनुसार प्रसूतीनंतर वैमानिक महिलेची पुन्हा वैद्यकीय तपासणी होऊन ती योग्य ठरल्याशिवाय तिला परवाना वापरता येत नाही. तिथेही आठवडे मोजलेले नाहीत. तपासा आणि मग ठरवा, एवढंच. ब्रिटनमध्ये ऑपरेशननंतर कधी गाडी चालवायची ते डॉक्टरांना विचारा असं सरकार सांगतं, आणि तीन महिन्यांनंतरही चालवता येत नसेल तर लायसन्स देणाऱ्या खात्याला कळवावं लागतं.

इन्शुरन्सची गोष्टही इथेच संपवू. आपल्याकडच्या नेहमीच्या कार पॉलिसीत क्लेम नाकारण्याची कारणं म्हणजे वैध लायसन्स नसणं, दारू किंवा अमली द्रव्याच्या अमलाखाली गाडी चालवणं, खासगी गाडी धंद्यासाठी वापरणं अशी असतात. 'बाळंतपणानंतर अमुक दिवस' असं कलम त्यात नसतं. हा समज बहुधा परदेशातल्या पेजेसवरून आपल्याकडे आलाय. तरी शंका असेल तर पॉलिसीची प्रत उघडून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

मग सहा आठवडे आले कुठून?

याचं मूळ रस्त्यावर नाही, कारखान्यात आहे. १९१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने मातृत्व संरक्षणाचा पहिला करार केला. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे बाईला कामावर घ्यायचं नाही, असं त्यात ठरलं. आपल्याकडे मातृत्व लाभाचा पहिला कायदा झाला तो मुंबई प्रांतात, १९२९ मध्ये, कारखान्यांत राबणाऱ्या बायकांसाठी. माहीमपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या परळ-लालबागच्या गिरण्यांमध्ये तेव्हा हजारो बायका कामाला होत्या. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या विधेयकाच्या बाजूने भाषण केलं होतं.

पुढे १९६१ च्या देशव्यापी कायद्यात सहा आठवड्यांची अट आली: प्रसूतीनंतर सहा आठवडे मालकाने त्या बाईला कामावर ठेवायचं नाही. २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, पण ही अट तशीच राहिली. आता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे.

दुसऱ्या बाजूने डॉक्टरांचाही सहा आठवड्यांचा हिशोब आहे. गर्भाशय मूळ आकाराला यायला साधारण तेवढा काळ लागतो. जागतिक आरोग्य संघटना प्रसूतीनंतर किमान चार तपासण्या सांगते, त्यातली शेवटची सहाव्या आठवड्यात. आपल्या आशाताईंची घरभेटही ४२ व्या दिवसापर्यंत चालते. ४२ दिवस म्हणजे सहा आठवडेच. आणि आईचा सव्वा महिना म्हणजे अडतीस-चाळीस दिवस. माहीमच्या मुस्लिम घरांमध्येही चाळीस दिवसच पाळले जातात. वेगवेगळ्या वाटांनी सगळे एकाच आकड्याजवळ आलेत, हे खरंच गमतीचं आहे.

पण यातल्या कुणीही गाडीचा विचार केला नव्हता. सव्वा महिना विश्रांतीसाठी आणि सोयर-सुतकासाठी. कायदा पगारासाठी. तपासणी गर्भाशयासाठी. आणि डॉक्टरांच्या जगातही हा आकडा आता दगडावरची रेघ राहिलेला नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये 'सहा आठवड्यांनी एकदा या' ही जुनी पद्धत बदलून पहिल्या तीन आठवड्यांत एकदा संपर्क आणि बारा आठवड्यांच्या आत पूर्ण तपासणी असं सुचवलं. शरीर ४२ व्या दिवशी बटण दाबल्यासारखं पूर्ववत होत नाही.

ब्रेकवरचा पाय

सिझेरियनपासून सुरुवात करू, कारण शहरात ते आता अपवाद राहिलेलं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली. सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण १४.३ टक्के होतं आणि खासगीत ४७.४ टक्के. म्हणजे खासगीत जवळजवळ निम्मी.

वरून दिसणारा टाका एक असला तरी आत कातडी, चरबी, पोटाच्या स्नायूंवरचं घट्ट आवरण आणि गर्भाशय असे थर उघडून पुन्हा बंद केलेले असतात. बाहेरचा टाका दहा-बारा दिवसांत छान दिसतो, आतले थर भरायला आठवडे लागतात. आता नेहमीचं ड्रायव्हिंग आठवा. हळू ब्रेक दाबताना पोटावर फार ताण येत नाही. पण समोर अचानक कुणी आलं आणि पूर्ण ताकदीने ब्रेक मारावा लागला तर पाय एकटा काम करत नाही. पाठ सीटला टेकते, पोट आवळलं जातं, मग जोर येतो. टाका दुखत असेल तर शरीर स्वतःहून कचरतं. हे आपण ठरवून करत नाही. दुखणार आहे हे शरीराला माहीत असतं आणि ते क्षणभर थांबतं.

तो क्षण किती महाग आहे? ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. अर्धा सेकंद कचरलात तर साडेपाच मीटर. स्विफ्टसारख्या छोट्या गाडीची लांबी चार मीटरपेक्षा कमी असते. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच एक अख्खी गाडी आणि वर दीड मीटर एवढं अंतर गेलं. लेडी जमशेदजी रोडवर पार्क केलेल्या गाड्यांच्या मधून एखादं पोर रस्त्यावर येतं तेव्हा तेवढं अंतर हातात नसतं.

मान वळवून मागे बघणं, रिव्हर्स घेताना कमरेतून फिरणं, मॅन्युअल गाडीत दर सिग्नलला क्लच दाबणं, यांतही पोटच लागतं. म्हणून डॉक्टर सिझेरियननंतर साधारण चार ते सहा आठवडे म्हणतात. काहीजणींना त्याआधी जमतं. जखमेत पू झाला असेल, टाका उघडला असेल तर सहा आठवड्यांचा हिशोब लावूच नका.

नॉर्मल डिलिव्हरी झाली म्हणून लगेच चालेल असंही नाही. खाली टाके असतील तर बसणंच कठीण असतं, आणि एका कुशीवर रेलून बसलेली बाई नीट ड्रायव्हिंग करू शकत नाही. काहींना ओटीपोटाच्या हाडाच्या सांध्यात कळ येते, एक पाय उचलून दुसऱ्या पेडलवर नेतानाच ती जास्त जाणवते. बाकी सगळं ठीक असेल तर एक-दोन आठवड्यांत अनेकजणी गाडी चालवण्याच्या अवस्थेत येतात.

रक्त किती गेलं हाही भाग आहे. १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त भारतीय स्त्रियांमध्ये रक्ताचं प्रमाण आधीच कमी आढळतं. त्यात बाळंतपणात जास्त रक्त गेलं तर उठल्या-उठल्या डोळ्यांपुढे अंधारी येते. जिना चढताना धाप लागत असेल, उभं राहिल्यावर गरगरत असेल तर हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय स्टीअरिंगला हात लावू नये.

आणि बीपी. गरोदरपणात बीपी वाढलं असेल, किंवा नसेल तरीही, बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत ते वाढून झटके येऊ शकतात. खूप डोकं दुखणं, नजरेपुढे काजवे चमकणं, धूसर दिसणं ही त्याची लक्षणं. असं झालं तर प्रश्न गाडी चालवण्याचा नाही. दुसऱ्या कुणाला तरी तुम्हाला थेट हॉस्पिटलमध्ये न्यायला सांगा.

स्कूटीचं काय?

मराठीत याबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक कारचं असतं, कारण मूळ इंग्रजी मजकूर कारवाल्या देशांतला. आपल्याकडे अनेकजणींची गाडी म्हणजे स्कूटी.

क्लच नाही, गिअर नाही, म्हणून ती सोपी वाटते. पण शंभर किलोहून जास्त वजनाची गाडी पार्किंगमधून मागे ओढणं, मेन स्टँडवर चढवणं, सिग्नलला एका पायावर तोलून धरणं, हे सगळं पोट आणि ओटीपोट करतं. बाळंतपणानंतर पहिले काही महिने हेच स्नायू सगळ्यात सैल असतात. खड्डा आला तर कारच्या सीटचा फोम थोडा तरी धक्का खातो. स्कूटीवर तो थेट टाक्यांना बसतो. शिवाय दोन्ही ब्रेक हातात. दिवसभर बाळाला उचलून अंगठ्याच्या मुळाशी आणि मनगटात कळ येणं नव्या आयांमध्ये अगदी नेहमीचं आहे. तोच हात अ‍ॅक्सिलरेटर पिळतो आणि ब्रेक दाबतो.

माझं मत विचाराल तर कार चालवायला लागल्यावरही स्कूटीसाठी आणखी दोन-तीन आठवडे थांबावं. स्टँडवर लावताना पोटात ओढ बसत असेल तर अजून वेळ आहे, एवढी साधी खूण पुरे.

एक गोष्ट माहीमकरांसाठी. सी लिंकवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे वांद्र्याला जायचं तर स्कूटीला कॉजवेशिवाय पर्याय नाही. बुधवारी माहीम चर्चच्या नोव्हेनाची गर्दी असते, डिसेंबरात दर्ग्याच्या उरुसाची. पहिल्यांदा गाडी काढायला बुधवार निवडू नका.

झोप: ज्याबद्दल कुणीच विचारत नाही

टाक्यांबद्दल सगळे विचारतात. झोपेबद्दल जवळजवळ कुणीच नाही. आणि माझ्या मते खरा धोका तिथेच आहे, कारण टाका दुखला तर कळतं, डुलकी लागणार आहे हे कळत नाही.

१९९७ मध्ये ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड या संशोधकांनी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक तुलना मांडली. माणूस सलग १७ तास जागा राहिला की त्याची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते. २४ तास जागा राहिला तर ०.१० टक्क्याइतकी. भारतात गाडी चालवण्यासाठी मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. नाकाबंदीवर ज्या पातळीला पोलीस गाडी बाजूला घेतात, तिच्या पुढे माणूस नुसत्या जागरणाने जाऊ शकतो. फक्त त्यासाठी फुंकायचं यंत्र नाही.

बाळंतीण सलग १७ तास जागी नसते, तुकड्यातुकड्यांनी झोपते, हे खरं. पण त्या तुकड्यांची बेरीज किती होते ते बघा. अमेरिकेतल्या एएए फाउंडेशनने २०१६ मध्ये अपघातांचा अभ्यास केला. आदल्या चोवीस तासांत सात तास झोपलेल्या चालकाच्या तुलनेत पाच-सहा तास झोपलेल्याचा अपघाताचा धोका जवळपास दुप्पट निघाला, आणि चार-पाच तास झोपलेल्याचा चौपटीहून जास्त. रात्री अकराला, दीडला, चारला आणि सहाला बाळाला पाजलं असेल तर सकाळी हिशोब चार-पाच तासांवरच येतो. तोही सलग नाही.

इथे सहा आठवड्यांचा नियम पूर्ण उलटा पडतो. पहिल्या महिन्यात घरात आई असते, सासू असते, मालीशवाली बाई येते, दुपारी कुणीतरी बाळ घेऊन बसतं. सहा-आठ आठवड्यांनी माणसं परत जातात. म्हणजे टाके भरलेले असतात तेव्हाच झोपेची उधारी सगळ्यात जास्त असते. दोन महिने झाले, आता तू अगदी ठीक आहेस, असं सगळे म्हणतात तो हाच काळ.

त्यामुळे रोज सकाळी किल्ली उचलण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: गेल्या चोवीस तासांत एकूण किती झोप झाली? पाच तासांच्या खाली असेल तर त्या दिवशी टॅक्सी. चहाने, गाण्यांनी किंवा काच खाली करून झोप जात नाही, ती फक्त दहा मिनिटं पुढे ढकलली जाते.

गोळ्यांकडेही बघा. पॅरासिटामॉल किंवा डायक्लोफेनॅकने सहसा गुंगी येत नाही. पण ऑपरेशननंतर अनेकदा ट्रॅमाडॉल मिसळलेली वेदनाशामक गोळी दिली जाते, तिने येते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये अंगावर पाजणाऱ्या आयांनी ट्रॅमाडॉल आणि कोडीन टाळावं असंही सांगितलंय, बाळाला गुंगी येऊ शकते म्हणून. सर्दी-खाजेच्या साध्या गोळ्याही अनेकदा झोप आणणाऱ्या असतात. गोळी मनाने बंद करू नका. डॉक्टरांना एवढंच विचारा: "ही घेऊन गाडी चालवली तर चालेल का?"

मनाचंही तेच. सतत रडू येणं, डोकं बधिर वाटणं, रस्ता ओळखीचा असून वळण चुकणं, याला 'होतं असं' म्हणून सोडू नये. बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर अमेरिकेत २०२३ मध्ये झुरानोलोन या गोळीला मान्यता मिळाली, तेव्हा तिच्या माहितीपत्रकात पहिलीच ठळक सूचना आहे की गोळी घेतल्यावर किमान बारा तास गाडी चालवू नका. आपल्याकडे बोलायला कुणी नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर मराठीतही आहे.

स्वतःची परीक्षा कशी घ्यायची?

उभ्या गाडीत. इंजिन बंद, सोसायटीच्या आवारात, शेजारी कुणीतरी असताना. सीटबेल्ट लावा. कमरेचा पट्टा पोटावर नको, खाली मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवरून गेला पाहिजे. टाक्याला टोचत असेल तर मध्ये पातळ टॉवेल घालून बघतात काहीजणी, पण पट्टाच न लावणं हा पर्याय नाही. ज्या दिवशी पट्टा सहन होत नाही त्या दिवशी गाडीही नाही.

मग सगळी ताकद लावून एकदम ब्रेक दाबा. पाच-सहा वेळा. दुखलं का? दुखेल म्हणून पाय हळू पडला का? दोन्ही बाजूंना मान आणि खांदा वळवून मागे बघा. क्लच पंधरा-वीस वेळा दाबा, कारण माहीम ते दादर तेवढे सिग्नल आणि खोळंबे सहज होतात. हे सगळं विचार न करता जमलं तर रस्त्यावर जायला हरकत नाही. दात-ओठ खाऊन जमलं तर आठवडाभराने पुन्हा बघा.

पहिली फेरी बाळाशिवाय काढा. दिवसा, जवळची. मागच्या सीटवर बाळ रडायला लागलं की भल्याभल्यांचं लक्ष आरशाकडे जातं. बाळ, पहिली लस आणि दोन महिन्यांनी हातात आलेलं स्टीअरिंग, तिन्ही एकाच दिवशी नकोत. लसीच्या दिवशी टॅक्सीच करा, टॅक्सीवाल्याशी वाद घालावा लागला तरी.

माहेराहून मुंबईला परतणारा लांबचा प्रवास हे वेगळं प्रकरण आहे. बाळंतपणानंतरचे काही आठवडे पायाच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका नेहमीपेक्षा बराच जास्त असतो, आणि कोल्हापूर किंवा सावंतवाडीहून येताना तासन् तास एका जागी बसणं त्यात भर घालतं. चालवत असा वा नसा, दर दीड-दोन तासांनी उतरून चाला. एकाच पोटरीला सूज आणि कळ आली, किंवा अचानक धाप लागली, तर पुढचा ढाबा नाही, दवाखाना शोधा.

बाळ कुठे बसणार?

मांडीवर नाही. पुढच्या सीटवर तर नाहीच, एअरबॅग असलेल्या सीटवर अजिबात नाही. चौदा वर्षांखालचं मूल सीटबेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय गाडीत असेल तर कलम १९४ बी नुसार एक हजाराचा दंड आहे. तान्ह्या बाळासाठी मागच्या सीटवर, मागे तोंड करून बसवायची चाइल्ड सीट लागते. बारशाला पाळणा, दुपटी आणि चांदीच्या वाळ्या येतात. यापुढे सगळ्यांनी मिळून ही सीट दिली तर बरं.

काळ्या-पिवळ्या टॅक्सीत मागे पट्टाच सापडेल याची खात्री नाही, ही अडचण खरी आहे. आणि दुचाकीवर? नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी हेल्मेट, चालकाशी जोडून ठेवणारा पट्टा आणि ताशी ४० ची मर्यादा असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. नऊ महिन्यांखालच्या बाळाला हेल्मेटची अट तो नियम घालत नाही. त्याचा अर्थ परवानगी आहे असा काढू नका. एवढ्या लहान डोक्याला हेल्मेट बसत नाही आणि मानही पुरती धरलेली नसते.

माहीमला गेल्या वर्षभरात एक नवी सोय झाली आहे. मेट्रो ३ चं शीतलादेवी मंदिर स्टेशन मे २०२५ मध्ये उघडलं, आणि ऑक्टोबर २०२५ पासून ती गाडी आरेपासून कफ परेडपर्यंत जाते. सिद्धिविनायक, वरळी, बीकेसी, सगळं लिफ्ट आणि एसीने. लोकलच्या जिन्यावरून बाळाला कडेवर घेऊन चढण्यापेक्षा हे पुष्कळ बरं. गाडी चालवण्याची घाई निदान काही जागांपुरती तरी त्यामुळे टळते.

ज्यांचं पोटच गाडीवर आहे त्यांचं काय?

आतापर्यंतचं सगळं अशा बाईसाठी होतं जिच्याकडे 'आज नको' म्हणायची सोय आहे. ऑफिसात नोकरी असेल तर २६ आठवडे पगारी रजा आहे, सरकारी नोकरीत १८० दिवस. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत असेल तर त्याला १५ दिवस. खासगीत बाप म्हणून रजा देण्याची कायद्याने सक्तीच नाही. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गाडी कोण चालवणार हा प्रश्न बाईवरच येतो, हे त्यातलं अर्धं राजकारण.

पण राज्य सरकारच्या पिंक ई-रिक्षा योजनेत रिक्षा घेतलेल्या बाईचं काय? या योजनेत किमतीच्या २० टक्के रक्कम सरकार देतं, १० टक्के तिने भरायची आणि ७० टक्के बँकेचं कर्ज. घरोघर पार्सल पोचवणाऱ्या, अ‍ॅपवर टॅक्सी चालवणाऱ्या बायकांचं काय? त्या कुणाच्या नोकर नाहीत, स्वतःच्या मालक आहेत असं कागद म्हणतात. त्यामुळे 'सहा आठवडे कामावर ठेवू नये' ही अट ज्याला लागू करायची तो मालकच त्यांच्या बाबतीत नाही. १९२९ मध्ये गिरणीतल्या बाईला निदान फाटकावर अडवणारं कुणीतरी होतं.

नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत पहिल्यांदाच गिग कामगार आणि प्लॅटफॉर्म कामगार हे शब्द आलेत. अ‍ॅप चालवणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम सामाजिक सुरक्षा निधीत टाकायची, आणि त्या निधीतून ज्या योजना करता येतील त्यांच्या यादीत आरोग्यासोबत मातृत्व लाभही आहे. पण 'योजना करता येतील' आणि '२६ आठवड्यांचा हक्क आहे' यात फार अंतर आहे. पहिल्यात सरकारने योजना काढली तर पैसे मिळतात, दुसऱ्यात मागता येतात.

अशा बाईसाठी आज हातात काय आहे? प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये, दुसरं बाळ मुलगी असेल तर सहा हजार. नोंदणी अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे होते आणि ती गरोदरपणातच करून ठेवलेली बरी. कर्ज असेल तर बाळंतपणाच्या आधीच, सातव्या-आठव्या महिन्यात, बँकेकडे दोन-तीन हप्ते पुढे ढकलण्याचा अर्ज लेखी द्यावा. हप्ता चुकल्यानंतर केलेल्या अर्जापेक्षा आधी केलेला अर्ज बँक जास्त गांभीर्याने घेते. आणि डिस्चार्ज घेताना डॉक्टरांकडून कार्डावर एक ओळ लिहून घ्यावी: अमुक तारखेपर्यंत वाहन चालवू नये. 'जड उचलू नका' हे ते सांगतातच. वाहनाचं विचारल्याशिवाय सहसा लिहिलं जात नाही, आणि बँकेत किंवा अ‍ॅपच्या ऑफिसात दाखवायला तीच ओळ लागते.